महिन्याचा विषय आणि आपलं पुस्तक

दर महिन्याला एक विषय ठरतो आणि त्यात बसणारं एक पुस्तक महिनाभरात वाचून व्हायचं असतं. असा वाचनसंकल्प आता अनेक वाचनकट्टे, सोसायट्यांमधले गट, शाळा-महाविद्यालयं आणि काही घरंसुद्धा चालवतात. जानेवारीत नाव देणारे पुष्कळ असतात. उन्हाळा लागेपर्यंत त्यातले बरेच मागे पडतात आणि विचारलं की वेळ मिळत नाही असं सांगतात. पण थोडी चौकशी केली तर पुस्तकच न झेपणारं निवडलेलं असतं, नाहीतर निम्मा महिना पुस्तक शोधण्यात गेलेला असतो. म्हणून वाचायचं कसं यापेक्षा निवडायचं कसं, हे आधी पाहू.

पहिली पायरी म्हणजे विषय नीट वाचणं. विषय साधारण तीन जातींचे असतात. काही आशयाचे, म्हणजे पुस्तक कशाबद्दल आहे ते सांगणारे: पाणी, मुंबई, युद्ध, शाळा. काही साहित्यप्रकाराचे: आत्मचरित्र, नाटक, प्रवासवर्णन, अनुवाद. आणि काही निव्वळ बाहेरच्या खुणेचे: शीर्षकात रंग हवा, शीर्षकात आकडा हवा, आपल्या जन्माआधी छापलेलं हवं.

बाहेरच्या खुणेचे विषय पोरखेळ वाटतात, पण त्यांचा मोठा उपयोग आहे. एरवी आपला हात ज्या कप्प्याकडे जात नाही तिथे ते आपल्याला नेतात. शीर्षकात रंग हवा म्हटल्यावर ‘हिरवे रावे’ किंवा ‘निळासावळा’ हाती येतं आणि जी. ए. कुलकर्णींच्या कथेशी पहिली गाठ पडते. आकडा हवा म्हटल्यावर किरण नगरकरांची ‘सात सक्कं त्रेचाळीस’ आठवते. अशा विषयात आशयाची अट नसते, तेव्हा ती आपणहून घालू नये.

घोटाळा होतो तो आशयाच्या विषयात. विषय ‘दुष्काळ’ असला की आपण शीर्षकात दुष्काळ, पाणी, पाऊस असे शब्द शोधू लागतो. पण मराठी पुस्तकांची नावं आतल्या विषयाचा पत्ता क्वचितच देतात. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) घ्या. नावावरून फक्त एक वाडी कळते. आत एक तरुण मास्तर धनगरांच्या वस्तीवरच्या शाळेत येतो, हळूहळू तिथला होतो, आणि शेवटी दुष्काळ ती वाडी रिकामी करतो. हे पुस्तक ‘दुष्काळ’ या विषयात बसतं, ‘शाळा’ या विषयात बसतं, ‘खेडं’ या विषयात बसतं, आणि शीर्षकात गावाचं नाव हवं असेल तर तिथेही बसतं.

मग बसतं की नाही हे ठरवायचं कसं? एक साधा प्रश्न विचारावा: या पुस्तकातून हा विषय काढून घेतला तर पुस्तक उरेल का? ‘बनगरवाडी’तून दुष्काळ काढला तर शेवट उरत नाही. विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’मधून (१९३९) समुद्र काढता येत नाही, कारण सगळी कादंबरी युरोपातून निघालेल्या बोटीवर घडते, आणि जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू तिथे प्रवासी आहेत. तेव्हा ‘समुद्र’ आणि ‘युद्ध’ या दोन्ही विषयांना ती हक्काने चालते, जरी तिच्यात एकही लढाई होत नसली तरी. उलट एखाद्या कौटुंबिक कादंबरीतला नायक दोन प्रकरणांत चौपाटीवर जाऊन बसत असेल, तर तेवढ्यावर तिला समुद्राची कादंबरी म्हणू नये. कोणी हटकणार नाही हे खरं. पण महिन्याच्या शेवटी गटात बोलायची वेळ आली की आपल्याकडे सांगायला काही नसतं.

विषयच धूसर असेल तर तो ठरवणाऱ्यांना महिना सुरू होण्याआधी विचारून घ्यावं. अनुवादित पुस्तक चालेल का, कथासंग्रह पूर्ण वाचायचा की निवडक कथा, दिवाळी अंक धरला जाईल का, हे प्रश्न दर वर्षी निघतात आणि नेमके शेवटच्या आठवड्यात निघतात.

दुसरी पायरी घरातलं कपाट. नवीन पुस्तकांच्या याद्या पाहण्याआधी आपल्याकडचं न वाचलेलं सगळं बाहेर काढावं आणि वर्षभराचे विषय समोर ठेवावेत. एका कागदावर डावीकडे बारा विषय आणि समोर त्यात बसू शकतील अशी आपल्याकडची पुस्तकं, एवढंच लिहायचं. एक पुस्तक तीन-चार ठिकाणी लिहिलं गेलं तरी हरकत नाही, ते व्हायलाच हवं.

उदाहरणार्थ, गोडसे भटजींचं ‘माझा प्रवास’. वरसईचे विष्णुभट गोडसे द्रव्य मिळवायला उत्तरेकडे निघाले आणि १८५७च्या धामधुमीत सापडले. झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला. पुस्तक छापून आलं ते १९०७ मध्ये. आता हे ‘प्रवास’मध्ये बसतं, ‘इतिहास’मध्ये बसतं, ‘आत्मकथन’ म्हणून बसतं आणि ‘जन्माआधी छापलेलं’ यातही बसतं. असं बहुगुणी पुस्तक पहिल्याच महिन्यात खर्ची घालू नये. ज्या विषयाला आपल्याकडे एकच पुस्तक आहे, तिथे ते एक आधी नक्की करावं. सगळीकडे चालणारी पुस्तकं अडचणीच्या महिन्यांसाठी मागे ठेवावीत.

तिसरी पायरी पानांचा हिशेब. हा हिशेब बहुतेक जण करत नाहीत आणि सर्वांत जास्त संकल्प इथेच मोडतात. ‘पुराणकथेवर आधारित कादंबरी’ असा विषय आला की शिवाजी सावंतांचं ‘मृत्युंजय’ सगळ्यांच्या ओठांवर येतं. ते वाचायलाच हवं, पण नोकरी, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास सांभाळून एका महिन्यात ते जाडजूड पुस्तक संपेल का, हे प्रत्येकाने स्वतःशी ठरवायला हवं. श्री. ना. पेंडशांचं ‘तुंबाडचे खोत’ तर दोन खंडांचं आहे.

आपला वेग मोजायची रीत सोपी आहे. रात्री ज्या वेळी आपण खरोखर वाचतो त्या वेळी वीस मिनिटं वाचावं आणि पानं मोजावीत. सुट्टीच्या सकाळचा वेग धरू नये. समजा आठ पानं झाली. महिन्यातले पाच दिवस प्रवास, पाहुणे, आजारपण यात जातात असं धरलं तर पंचवीस दिवसांत दोनशे पानं होतात. तेव्हा रोज वीस मिनिटं वाचणाऱ्यासाठी दोनशे पानांचं पुस्तक हे त्याचं माप. साडेतीनशे पानांचं घ्यायचं असेल तर रोजची वेळ वाढवावी लागेल, निव्वळ इच्छेने पानं उलटत नाहीत. जुन्या आवृत्त्यांमधला टाइप बारीक आणि दाट असतो, त्यामुळे तिथे वेग आणखी कमी धरावा.

लहान पुस्तक घेतलं म्हणजे पळवाट काढली असं काहींना वाटतं. तसं मुळीच नाही. पु. ल. देशपांड्यांनी ‘एका कोळियाने’ या नावाने हेमिंग्वेची कादंबरी मराठीत आणली, ती दोन-तीन बैठकींत संपते आणि अनुवाद, समुद्र, म्हातारपण अशा कितीतरी विषयांना चालते. नाटकं तर या कामी फारच सोयीची आहेत. परीक्षेच्या किंवा लग्नसराईच्या महिन्यात ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ किंवा ‘वाडा चिरेबंदी’ वाचावं. मोठी पुस्तकं मे महिन्यासाठी किंवा दिवाळीच्या सुट्टीसाठी राखावीत.

चौथी पायरी पुस्तक मिळवणं. मराठी पुस्तकाच्या बाबतीत हा टप्पा हलका समजू नये. चांगली पुस्तकं कित्येकदा वर्षानुवर्षं पुनर्मुद्रित होत नाहीत, म्हणजे आधीची छापील प्रत संपलेली असते आणि नवी काढलेली नसते. ऑनलाइन दुकानात नाव दिसतं, पुढे ‘उपलब्ध नाही’ असं लिहिलेलं असतं. म्हणून पुढच्या महिन्याच्या पुस्तकाचा शोध चालू महिन्याच्या वीस तारखेच्या आसपास सुरू करावा.

पहिलं ठिकाण सार्वजनिक वाचनालय. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून चालू आहे, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून. अनेक लहान गावांतही वाचनालय असतं. अनामत आणि मासिक वर्गणी भरली की पुस्तक घरी नेता येतं. तिथली यादी बहुधा लेखक, शीर्षक आणि प्रकार यांनुसार लावलेली असते. ‘समुद्र’ असा कप्पा सापडणार नाही. त्यामुळे यादीशी झटण्यापेक्षा काउंटरवरच्या ग्रंथपालांना सरळ विचारावं, की समुद्रावरचं, दोनशे पानांच्या आतलं काही आहे का. वर्षानुवर्षं पुस्तकं देणारी-घेणारी ही माणसं नाव ऐकण्याआधी हात नेमक्या फळीकडे नेतात. त्यांना विचारायचा संकोच करू नये. आणि विचारताना पानांचा अंदाज जरूर सांगावा, नाहीतर उत्तम पण सातशे पानी पुस्तक हातात पडतं.

भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी त्याच्या पुस्तकांवरचा स्वामित्वहक्क, म्हणजे छापण्याचा राखीव अधिकार, संपतो. त्यामुळे हरि नारायण आपटे, लक्ष्मीबाई टिळक, साने गुरुजी यांचं लेखन आता सर्वांसाठी खुलं आहे. मराठी विकिस्रोत या संकेतस्थळावर अशी जुनी पुस्तकं विनामूल्य वाचता येतात. परदेशी राहणाऱ्या वाचकांना याचा मोठा आधार आहे. मात्र अलीकडच्या लेखकांच्या पुस्तकांच्या चोरून फिरणाऱ्या पीडीएफ प्रती घेऊ नयेत. मराठीत एका आवृत्तीच्या प्रती मुळातच थोड्या निघतात आणि त्यातल्या प्रत्येक न विकलेल्या प्रतीचा फटका पुढच्या आवृत्तीला बसतो.

पाचवी पायरी: पुस्तक हातात आल्यावर, घरी नेण्याआधी, पाच मिनिटं उभ्याने चाळावं. मलपृष्ठावरचा मजकूर वाचावा, पण त्यावर विसंबू नये, तो पुस्तक विकण्यासाठी लिहिलेला असतो. कथा किंवा लेखसंग्रह असेल तर अनुक्रमणिका पाहावी. मग मधलं एखादं पान उघडून सलग वाचावं. पहिलं पान लेखकाने घोटून लिहिलेलं असतं, पुस्तकाची खरी चाल मधल्या पानावर कळते. प्रस्तावना मात्र शेवटी वाचावी. आपल्याकडच्या कित्येक प्रस्तावना सगळं कथानक सांगून टाकतात.

या चाळण्यात एक गोष्ट अनेकांना मागे फिरवते, ती म्हणजे बोली. आनंद यादवांचं ‘झोंबी’ किंवा ग्रामीण, दलित लेखकांची बरीच पुस्तकं बोलीच्या अंगाने लिहिलेली आहेत. पहिल्या दोन-तीन पानांत अडखळायला झालं म्हणून पुस्तक खाली ठेवू नये. ती पानं मोठ्याने वाचावीत. डोळ्यांना अनोळखी वाटणारा शब्द कानाला चटकन कळतो, आणि पंधरा-वीस पानांनंतर ती भाषा आपली होते.

सहावी पायरी राखीव पुस्तक. प्रत्येक विषयाला एक मुख्य आणि एक बारीक राखीव पुस्तक ठरवावं, शक्य तर दोन्ही घरात आणून ठेवावीत. महिन्याच्या दहा तारखेपर्यंत मुख्य पुस्तक ओढत नसेल, रोज ते उचलायचं आपण टाळत असू, तर निमूट बदलावं. दहा तारखेला बदललं तर वीस दिवस हातात असतात. पंचवीस तारखेपर्यंत रेटत राहिलं तर दोन्ही पुस्तकं जातात आणि पुढच्या महिन्याचाही हुरूप जातो. अर्धवट सोडलेल्या पुस्तकाचं नाव लिहून ठेवावं. कित्येक पुस्तकं दुसऱ्या वेळी, दुसऱ्या वयात उघडतात.

आता वर्षाच्या यादीकडे एकदा लांबून पाहावं. विषय बारा असले तरी आपली निवड एकाच वळणाची होत जाते. ‘आत्मचरित्र’ म्हटलं की आपण नट, पुढारी, उद्योजक यांच्याकडे वळतो. मराठीत ज्या आत्मकथनांनी खरोखर नवं दार उघडलं ती वेगळी आहेत: लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’, दया पवारांचं ‘बलुतं’ (१९७८), लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ (१९८०), बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’. यातलं एकही वाचलेलं नसेल तर त्या महिन्याला दुसरं काही शोधूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. अनुवादाचा महिना आला की इंग्रजीकडेच न पाहता शेजारच्या भाषांकडेही पाहावं. एस. एल. भैरप्पांची कन्नड कादंबरी ‘वंशवृक्ष’ उमा कुलकर्णींनी मराठीत आणली आहे.

आणि घरच्या घरी संकल्प आखत असाल तर दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ वर्षभर उशाशी ठेवावं. त्यात चैत्रापासून फाल्गुनापर्यंत एकेका महिन्यावर लेख आहे. महिन्याचं मुख्य पुस्तक कोणतंही असो, त्या त्या महिन्याचा लेख त्याच महिन्यात वाचावा.

पुस्तक संपल्यावर वहीत तारीख, पानं, पुस्तक विषयात कसं बसलं आणि आपल्याला काय लागलं, एवढं तीन-चार ओळींत टिपावं. गटात बोलताना तेवढं पुरतं. पुढल्या वर्षी विषय ठरवायची वेळ आली तर ही वहीच कामी येते.

पुढच्या महिन्याचा विषय कळला असेल तर आजच वाचनालयात फोन करावा. बरीच वाचनालयं दुपारी बंद असतात आणि आठवड्यातून एक दिवस सुट्टी असते, म्हणून निघण्याआधी वेळ विचारून घ्यावी.