केरळच्या शाळांनी नेमकं काय वाचवलं?

३,००० कोटी रुपये. शाळांमधल्या दोन लाखांहून अधिक संगणकांवर मुक्त (ओपन सोर्स) सॉफ्टवेअर वापरल्यामुळे एवढी बचत झाली, असं केरळ सरकारच्या ‘काइट’ या संस्थेने २०१९मध्ये सांगितलं. शाळांत ओपन सोर्स आणावं असं म्हणणारे आजही हाच आकडा पुढे करतात. त्यामागचा हिशेब साधा आहे. ऑपरेटिंग सिस्टीम आणि अभ्यासक्रमाला लागणारी बाकीची सॉफ्टवेअर विकत घेतली तर एका संगणकामागे परवान्यांचे दीड लाख रुपये होतात असं धरलं आणि त्याला दोन लाखांनी गुणलं.

माझ्या मते केरळच्या कामातला हा सगळ्यात कच्चा आकडा आहे. शाळांना बहुतेक कंपन्या सवलतीत परवाने देतात. शिवाय कोणतंही राज्य सरकार प्रत्येक संगणकावर दीड लाखाची सॉफ्टवेअर बसवायला निघालं नसतं. पैसे नसले की शाळा त्या सॉफ्टवेअरशिवाय चालवून घेते, किंवा कुणीतरी चोरीची प्रत टाकून देतो. जो खर्च होणारच नव्हता, तो वाचला असं म्हणता येत नाही.

केरळचे दुसरे आकडे मात्र भक्कम आहेत आणि त्यांची चर्चा फारशी होत नाही. आठवी ते बारावीच्या ४,७५२ शाळांमधल्या ४५,००० वर्गखोल्यांत लॅपटॉप आणि प्रोजेक्टर पोहोचवण्याची योजना राज्याने आखली आणि पार पाडली. ऑक्टोबर २०२०मध्ये १६,०२७ शाळांमध्ये मिळून ३ लाख ७४ हजार डिजिटल उपकरणं असल्याचं सरकारने जाहीर केलं. भागाकार केला तर शाळेमागे सरासरी २३ उपकरणं होतात. डिसेंबर २०२२मध्ये दोन हजार माध्यमिक शाळांना ९,००० रोबोटिक्स संच देण्याचा कार्यक्रम सुरू झाला. त्यात वापरलेल्या आर्डुइनो या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाचा आराखडाही खुला आहे. मे २०२४मध्ये ८०,००० शिक्षकांचं कृत्रिम बुद्धिमत्तेवरचं प्रशिक्षण हाती घेतलं गेलं.

यातला शेवटचा आकडा मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण त्यामागे दोन दशकांची घडी आहे. शाळांत संगणक शिकवणारा केरळचा ‘आयटी@स्कूल’ हा प्रकल्प २००१मध्ये सुरू झाला, तेव्हा तोही विकतच्या सॉफ्टवेअरवरच शिकवत होता. एकाच कंपनीची उत्पादनं मुलांच्या माथी का मारायची, असा आक्षेप तिथल्या शिक्षकांमधून आला आणि पुढच्या काही वर्षांत सगळा अभ्यासक्रम मुक्त सॉफ्टवेअरवर गेला. शिक्षकांना शिकवणारे मास्टर ट्रेनर शाळांमधूनच आलेले शिक्षक असतात. उबंटू या मुक्त प्रणालीवर आधारलेली ऑपरेटिंग सिस्टीम राज्य स्वतः तयार करतं. मल्याळम टंकलेखन, गणितासाठी जिओजेब्रा, ग्रहतारे दाखवणारं स्टेलेरियम, चित्रांसाठी जिंप, असं पाठ्यपुस्तकाला लागणारं सगळं त्यात आधीपासून बसवलेलं असतं. पुस्तक बदललं की सिस्टीमही बदलते. दहावीची माहिती तंत्रज्ञानाची प्रात्यक्षिक परीक्षाही याच सॉफ्टवेअरवर होते, त्यामुळे लॅबला कुलूप लावून ठेवणं मुख्याध्यापकांना परवडत नाही.

आता देशाकडे पाहू. शाळांची देशभरची माहिती गोळा करणाऱ्या केंद्र सरकारच्या ‘यू-डायस’च्या २०२४-२५च्या अहवालानुसार देशात १४ लाख ७१ हजार शाळा आहेत. त्यांपैकी ६४.७ टक्के शाळांत संगणक आहे आणि ६३.५ टक्के शाळांत इंटरनेट. २०२१-२२मध्ये हेच आकडे ४७.५ आणि ३३.९ होते. तीन वर्षांत इंटरनेट असलेल्या शाळांचं प्रमाण जवळपास ३० टक्केबिंदूंनी वाढलं, ही वाढ मोठीच आहे. तरीही उरलेल्या ३६.५ टक्क्यांचा अर्थ होतो सुमारे ५ लाख ३७ हजार शाळा. आणि इंटरनेट ‘आहे’ असं नोंदवलेल्या शाळेत चाळीस मुलांचा वर्ग एकाच वेळी ऑनलाइन बसू शकतो का, हे ती टक्केवारी सांगत नाही.

ओपन सोर्सचा खरा फायदा इथे दिसतो. किंमत शून्य असलेली ऑनलाइन साधनं पुष्कळ आहेत, पण त्यांतल्या बहुतेकांची प्रत काढून घेता येत नाही. नेट गेलं की तास संपला. मुक्त परवान्याचं सॉफ्टवेअर एका शाळेने पेनड्राइव्हवर उतरवून दुसऱ्या शाळेला दिलं तर ती चोरी ठरत नाही. उलट त्या परवान्याचा हेतूच तो आहे. कोलोराडो विद्यापीठात २००२मध्ये सुरू झालेल्या ‘फेट’ प्रकल्पाचे विज्ञानाचे प्रयोग उतरवून घेऊन इंटरनेटशिवाय चालवता येतात आणि त्यांतले बरेच मराठीतही आहेत. विद्युत परिपथ जोडताना दिवा का लागत नाही, हे सहावीतलं मूल तारा हलवून स्वतः शोधू शकतं. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पात लिबरऑफिससारख्या मुक्त सॉफ्टवेअरचे साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे मराठी निवेदनासह मिळतात. तेही उतरवून ठेवता येतात. प्रत काढण्याचा आणि आपल्या भाषेत आणण्याचा हा हक्क मला परवान्याच्या रुपयांपेक्षा मोठा वाटतो.

मुलांच्या घरी फोन आहे, मग शाळेत हे सगळं कशाला, असं विचारलं जातं. त्याला ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर २०२४’च्या अहवालात उत्तर आहे. ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांहून अधिक जणांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांतल्या ५७ टक्के मुलांनी मागच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता आणि ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. फोन हातात आला म्हणून शिकणं आपोआप होत नाही. वर्गात शिक्षक सोबत हवा. शिवाय घरी साधन असतंच असंही नाही. कोरोनाच्या टाळेबंदीत केरळने १ जून २०२० रोजी दूरचित्रवाणीवरून वर्ग सुरू केले, तेव्हा सुमारे २ लाख ६१ हजार मुलांकडे टीव्ही वा इंटरनेट काहीच नसल्याचं पाहणीत आढळलं होतं. इतकी तयारी असलेल्या राज्याची ही गत होती.

महाराष्ट्रात अनेक जिल्हा परिषद शाळांनी लोकवर्गणीतून संगणक आणि प्रोजेक्टर घेतले. गावाने पैसे काढून दिले, ही आपली मोठी ताकद आहे. पण वर्गणीतून यंत्र येतं, प्रशिक्षण आणि दुरुस्ती येत नाही. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के पालक असणं बंधनकारक केलं आहे. तुम्ही त्या समितीवर असाल तर पुढच्या बैठकीत चार गोष्टी विचारा. संगणकावर कोणतं सॉफ्टवेअर आहे? ते इंटरनेटशिवाय चालतं का? किती शिक्षकांना ते शिकवलं? आणि बिघाड झाला तर कोण येतं? उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या आणि केंद्रप्रमुखांना दाखवा.