घरचा संगणक आणि अधिकारभेद

एकत्र कुटुंबांत पूर्वीं सामाईक वस्तु म्हणजे आड आणि तिजोरी. आडावर लहानथोर सर्वांचा हक्क. तिजोरीची किल्ली मात्र एकाच कमरेला. आतां या दोहोंच्या जोडीला संगणक आला आहे. सरस्वती भुवन संस्था, नाथमंदिर व पुस्तकांचीं दुकानें यांच्या शेजारीं नांदणाऱ्या आमच्या औरंगपुऱ्यांतील पुष्कळ घरांत तो दिसतो. परंतु तो आड आहे कीं तिजोरी, याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. एकाच खात्यावर आजोबांचें निवृत्तिवेतन, सूनबाईंचा बँकेचा व्यवहार आणि नातवंडांचे खेळ सुखेनैव चालतात!

आमच्या परिचयाच्या एका घरीं सातवींतील मुलानें फुकटचा खेळ उतरवून घेतला. त्याबरोबर आलेल्या दुष्ट प्रोग्रामनें घरांतील सर्व छायाचित्रांना कुलूप घातलें; दिवंगत आजींचीं छायाचित्रें कायमचीं गेलीं. शिक्षा मुलाला झाली. पण तिजोरीची किल्ली त्या पोराच्या हातीं कोणीं दिली, हा प्रश्न कोणीं केला नाहीं.

एका यंत्रावर अनेकांनीं नांदावें, ही कल्पना जुनीच आहे. इ. स. १९६१ मध्यें अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत फर्नांडो कॉर्बातो व त्यांचे सहकारी यांनीं एकच संगणक अनेकांनीं एकाच वेळीं वापरण्याची पद्धति दाखविली. यंत्रें इतकीं महाग कीं दरेकास एक देणें अशक्य. म्हणून प्रत्येकाचें खातें निराळें झालें व त्यास परवलीचा शब्द आला. पुढें १९७५ सालीं साल्ट्झर व श्रोडर या शास्त्रज्ञांनीं सूत्र सांगितलें, कीं ज्याला जेवढें काम, त्याला तेवढाच अधिकार. आपले शास्त्रकार यालाच अधिकारभेद म्हणत आले. त्यांत कोणाचा अपमान नाहीं.

आतां व्यवहार पाहूं. विंडोज प्रणालींत खात्यांचे मुख्य प्रकार दोन : पूर्ण अधिकाराचें ॲडमिनिस्ट्रेटर खातें व मर्यादित अधिकाराचें स्टँडर्ड खातें. नव्या यंत्रावर पहिलें खातें पूर्ण अधिकाराचें असतें. तें कर्त्या माणसानें किल्लीप्रमाणें जपून ठेवावें आणि घरांतील प्रत्येकाला, स्वतःलाहि, दररोजच्या कामासाठीं मर्यादित खातें काढावें. प्रोग्राम हा चालविणाऱ्याच्याच अधिकारानें वागतो. तेव्हां मुलाच्या मर्यादित खात्यांत शिरलेला उपद्रव बहुधा त्याच्याच कागदांपुरता राहतो. आजींच्या छायाचित्रांपर्यंत त्याचा हात पोंचणें कठीण. तरीहि छायाचित्रांची दुसरी प्रत निराळ्या डिस्कवर ठेवावीच.

मात्र नुसत्या मर्यादित खात्यानें इंटरनेटवरील अनिष्ट मजकूर अडत नाहीं. त्यासाठीं मायक्रोसॉफ्ट फॅमिली सेफ्टी ही निराळी व्यवस्था आहे. तिच्या योगें वापराचे तास ठरवितां येतात व अयोग्य संकेतस्थळें गाळतां येतात. पण ही गाळणी एज या ब्राउझरांतच चालते. तेथें मुलाची जन्मतारीख विचारतात. पुष्कळ पालक सोयीसाठीं वय वाढवून लिहितात. असें केल्यानें लहान मुलासाठीं असलेलीं बंधनें आपोआप सुटतात, आणि मूल शेजारीं बसून पहिला धडा असत्याचा शिकतें.

याहून नाजूक गोष्ट पुढेंच आहे. मुलानें काय पाहिलें याचा अहवाल ही व्यवस्था पालकांना देते. तो मुलाला सांगून पाहावा. चोरून पाहिल्यास मूल सुधारत नाहीं. तें फक्त अधिक सावध होतें, व एखाद्या संकटाच्या वेळीं, जेव्हां त्यानें धांवत आपल्याकडे यावें, तेव्हांच तें गप्प बसतें. संगणक बैठकीच्या खोलींत ठेवल्यास हेरगिरीचें निम्में कारण उरत नाहीं.

नियम वडिलांनींहि पाळावा लागतो. सांगली जिल्ह्यांतील मोहित्यांचें वडगांव या गांवानें २०२२ च्या ऑगस्टपासून सायंकाळीं सात वाजतां भोंगा वाजवून दीड तास दूरचित्रवाणी व मोबाइल बंद ठेवण्याचा प्रघात पाडला. तो भोंगा मुलांबरोबर थोरांसाठींहि वाजतो, म्हणूनच त्याला वजन आलें. काका रात्रीं अकरापर्यंत चित्रपट पाहत बसले, तर पुतण्याला आठ वाजतां उठविणारी मर्यादा त्याला न्याय वाटेल काय?

शिवाय मर्यादा वयाबरोबर सैल झाली पाहिजे. सोळाव्या वर्षीं मुलाला मित्राप्रमाणें वागवावें, हा उपदेश आपल्याकडे जुनाच आहे. दर वाढदिवशीं मुलांसह बसून तास व परवानग्या पुन्हां ठरवाव्या. मुलींना एक व मुलांना दुसरा न्याय असूं नये. अठराव्या वर्षीं पहारा उठवावा, आणि तोंवर पूर्ण अधिकाराचें खातें कसें सांभाळावें हेंहि शिकवून ठेवावें. कारण आज जें मूल परवानगी मागतें, त्याच्याच हातीं उद्यां या घराची किल्ली जावयाची आहे.