धरणी का हादरते? उत्तर कोणी द्यायचे?

आमच्या नांदेड-लातूरकडचा माणूस प्रश्न विचारीत नाही, असे कोण म्हणतो? विहारात वंदना आटोपली की लोक विचारतात. कोर्टाच्या आवारात तारखेची वाट पाहणारे पक्षकार विचारतात. ‘वकीलसाहेब, जमिनीतून गडगड आवाज येतो तो कशाचा?’ ‘धक्का हिंगोलीला बसला, मग आमच्या नांदेडात भांडी का वाजली?’ ‘किल्लारीचा भूकंप सहाचा होता, आताचा साडेचारचा. म्हणजे थोडाच कमी ना?’ विचारणारा कधी सातवी शिकलेला असतो, कधी अंगठेबहाद्दर. पण प्रश्न मात्र अस्सल भौतिकशास्त्राचे आणि गणिताचे असतात. आमची पदवी कायद्याची. तरीही आम्ही पुस्तके चाळतो, जाणकारांना विचारतो आणि उत्तर देतो. कारण आम्ही उत्तर दिले नाही तर ते द्यायला दुसरा कोणी तरी टपलेलाच असतो.

विसंगती पाहा. राजर्षी शाहू महाविद्यालयातून नावारूपाला आलेला ‘लातूर पॅटर्न’ महाराष्ट्रभर गाजला. डॉक्टर-इंजिनिअर होण्यासाठी गावोगावची पोरे लातूरला आणि नांदेडला येऊन खोल्या करून राहतात. परीक्षेतल्या प्रश्नांची उत्तरे शिकविणारे क्लासेस गल्लोगल्ली आहेत. पण पोराची फी भरण्यासाठी राबणाऱ्या बापाच्या प्रश्नाला उत्तर देणारा क्लास या दोन्ही शहरांत कुठे आहे?

या प्रश्नांमागे आमच्या मातीचे मोठे दुःख आहे. ३० सप्टेंबर १९९३. पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटे. गणेश विसर्जन करून गावे नुकतीच झोपली होती. किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्यात जमीन हादरली आणि काही सेकंदांत हजारो माणसे ढिगाऱ्याखाली गेली. त्याच्या आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, त्याच भागात धक्के बसत होते, आवाज येत होते. लोक तेव्हाही विचारीत होते. त्यांना समजेल असे उत्तर मिळाले नाही.

मग उत्तर मिळाले ते अनर्थानंतर! ‘पाप वाढले, देवाचा कोप झाला.’ वकील म्हणून या उत्तराकडे पाहिले की आम्हाला त्यातली मेख दिसते. पापाचे फळ म्हटले की मेलेला माणूसच गुन्हेगार ठरतो. कच्ची घरे, धोक्याची सूचना न देणारी यंत्रणा, माहिती दडपणारा कारभार हे सारे निर्दोष सुटतात. गेल्या जन्मीच्या कर्माचा हाच दाखला देऊन आमच्या बापजाद्यांना गावकुसाबाहेर ठेवले होते. फसव्या उत्तराचे हे काम जुनेच आहे.

आता खरे उत्तर काय ते सांगू. भारताचा भूखंड वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर या गतीने उत्तरेकडे सरकतो आणि आशियाच्या भूखंडाला रेटतो. त्या रेट्याचा ताण आपल्या काळ्या पाषाणाखालच्या जुन्या भेगांमध्ये साठत जातो. खडकाला तो सोसवेनासा झाला की खडक सरकतो. धक्का उथळ असेल तर त्याच्या लहरी जमिनीतून हवेत येतात आणि कानाला गडगड ऐकू येते. नांदेड शहराने २००६-०७ पासून हे अनुभवले. निलंगा तालुक्यातील हासोरीच्या लोकांनी २०२२ मध्ये अनुभवले. त्याच लहरी खडकातून दूरवर जातात, म्हणून हिंगोलीच्या धक्क्याने नांदेडची भांडी वाजतात.

आणि साडेचार व सहा यांचे गणित? भूकंपाची मोजपट्टी आपल्या फूटपट्टीसारखी नसते. तिच्यावर एक अंक वाढला की जमिनीची हालचाल दहापट होते आणि बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे बत्तीसपट. हिंगोली जिल्ह्यात २१ मार्च २०२४ रोजी ४.५ चा धक्का बसला. किल्लारीचा ६.२ होता. या हिशेबाने किल्लारीची ऊर्जा साडेतीनशेपट भरते. हे ज्याला कळले तो ‘किल्लारीसारखाच झाला’ या अफवेने पोरेबाळे घेऊन रात्रीचा पळत सुटणार नाही, आणि धोका विसरून निर्धास्तही राहणार नाही.

माणसे कशाने मेली, हाही गणिताचाच प्रश्न आहे. दहा बाय दहाच्या खोलीवरच्या माळवदात एक फूट मातीचा थर धरा. शंभर घनफूट माती झाली. वजन साडेचार टनांच्या घरात. हा भार पेलायला खाली मातीत रचलेल्या गोट्यांच्या भिंती! जीव घेतला तो या भाराने. भिंतीत आरपार जाणारे जोडदगड, चारही भिंतींना बांधून धरणारा पट्टा आणि हलके छप्पर, एवढे कळले तर गवंडीही जीव वाचवू शकतो.

विज्ञान कधी चुकत नाही, असे आम्ही म्हणणार नाही. १९९३ च्या वेळी सरकारी नकाशात हा भाग भूकंपाचा धोका सर्वात कमी असलेल्या झोन एकमध्ये होता. तो नकाशा चुकला. पण २००२ साली तो सुधारला गेला, झोन एक रद्द झाला आणि हा भाग झोन तीनमध्ये आला. पुरावा समोर आल्यावर आपले उत्तर बदलणे हे विज्ञानाचे बळ आहे. पोथीत ही सोय नाही. तथागतांनी कालामांना हेच शिकविले होते. परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून मानू नका. तपासा आणि मग स्वीकारा.

आणि गणित आले की अन्यायही नजरेतून सुटत नाही. बावन्न गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले. घरे कशी ठरली? भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्याला २५० चौरस फूट. एक ते सात हेक्टरवाल्याला ४००. सात हेक्टरच्या वर ७५०. भूकंपाने कोणाचा सातबारा पाहिला नव्हता, पुनर्वसनाने मात्र पाहिला! भूमिहीनाच्या घरात सहा माणसे असतील तर माणशी ४२ चौरस फूटही भरत नाहीत. घर माणसांच्या संख्येवर मोजायचे की बापजाद्यांच्या जमिनीवर? हा भागाकार ज्याला येतो तोच सरकारी टेबलासमोर ताठ उभा राहून हा सवाल करू शकतो.

संविधानाच्या कलम ५१ क ने वैज्ञानिक दृष्टिकोन आणि शोधक बुद्धी वाढविणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले आहे. ते १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आले. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, २०१३ मध्ये, जादूटोणाविरोधी कायदाही झाला. कायद्याने भोंदूला बेड्या पडतील, पण त्याच्याकडे गेलेल्या माणसाचा प्रश्न तसाच राहील. त्याला उत्तर माणसानेच द्यावे लागते.

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक विहारात रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास प्रश्नांसाठी ठेवा. वस्तीतल्या विज्ञान शाखेच्या मुला-मुलींनी फळ्यापुढे उभे राहावे. येत नसेल तर ‘पुढच्या रविवारी शोधून सांगतो’ म्हणावे आणि खरोखर शोधून सांगावे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातल्या भूशास्त्राच्या प्राध्यापकांना सन्मानाने वस्तीत बोलवा. कोणाच्याही प्रश्नाला हसू नका. आयाबहिणींना पुढे बसवा, कारण रात्री भांड्यांचा आवाज आधी त्यांनाच ऐकू येतो.

बाबासाहेबांच्या चळवळीने शिकलेली एक पिढी घडविली. त्या पिढीकडे वस्तीची उत्तरे थकली आहेत. ती देणी आता चुकती करू या.