हायड्रोपोनिक्समधील मूळकूज : आधी मुळे पाहा, पाणी थंड करा

हायड्रोपोनिक्समधील लेट्यूस किंवा पालक भर दुपारी माना टाकतो आणि संध्याकाळी पुन्हा ताठ होतो. टाकीत पाणी भरपूर असते, पंपही सुरू असतो. अशा वेळी बरेच जण खत कमी पडले असे समजून द्रावणाचा ईसी वाढवतात. त्यामुळे आधीच कुजत असलेल्या मुळांना पाणी ओढणे आणखी जड जाते. म्हणून खताला हात लावण्याआधी चार-पाच रोपे नेट पॉटसह उचलून मुळे पाहा.

मूळकूज कशी ओळखावी?

- निरोगी मुळे पांढरी व टणक असतात, त्यांना घाण वास येत नाही.
- कुजलेली मुळे तपकिरी व बुळबुळीत होतात, कुजका वास येतो.
- मूळ चिमटीत धरून हलके ओढा. साल निघून आत दोऱ्यासारखा भाग उरला, तर ती मूळकूज.
- मूळ तपकिरी, पण साल घट्ट आणि वास नसेल, तर तो खतातील लोहाचा डाग असू शकतो.

रोग का वाढतो?

हा रोग मुख्यतः पिथियम या बुरशीसदृश सूक्ष्मजीवामुळे होतो. त्याचे बीजाणू पाण्यात पोहतात. सर्व रोपांना एकच पाणी फिरत असल्याने एका रोपाचा रोग सगळीकडे पोचतो.

मूळ कमजोर झाले की पिथियमचे फावते. २० अंश सेल्सिअसला पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना सुमारे ७.५ मिलिग्रॅमच. उष्णतेत मुळांची प्राणवायूची गरज मात्र वाढते. एप्रिल-मे महिन्यांत टाकी उन्हात असेल, तर धोका मोठा.

तातडीचे उपाय

१. रोगट रोपे मुळांसह काढून युनिटपासून दूर नष्ट करा.
२. द्रावण बदला. लेट्यूससाठी ईसी तात्पुरता १ ते १.२, सामू ५.५ ते ६.५ ठेवा.
३. द्रावणाचे तापमान १८ ते २४ अंश ठेवा. टाकीवर सावली करा, बाहेरून पांढरा रंग द्या. लहान टाकीत बर्फ गोठवलेल्या बंद बाटल्या सोडा.
४. एअर पंप लावा. परतीचे पाणी टाकीत उंचावरून पडू द्या.
५. चॅनेलमध्ये अडकलेले मुळांचे जाळे काढा. वीज गेल्यास पंपासाठी इन्व्हर्टर ठेवा.

कुजलेली मुळे पुन्हा बरी होत नाहीत. खोडाजवळ नवी पांढरी मुळे दिसली, तर रोप सावरते आहे.

औषधांबाबत दक्षता

ट्रायकोडर्मा रोग येण्याआधी उपयोगी पडते. हायड्रोजन पेरॉक्साइडसोबत ते देऊ नका, मित्रबुरशीच मरेल. पालेभाजी कच्ची खाल्ली जाते. त्यामुळे त्या पिकासाठी लेबलवर शिफारस नसलेले बुरशीनाशक टाकीत ओतू नका.

पुढील लागवडीपूर्वी

टाकी, पाइप व चॅनेल रिकामे करून घासा. ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटचा १ भाग ९ भाग पाण्यात मिसळून अर्धा तास फिरवा, मग स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुवा. सामू कमी करण्याचे आम्ल त्यात कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.

उन्हाळ्यात रोज दुपारी द्रावणाचे तापमान मोजा आणि आठवड्यातून एकदा मुळे पाहा. पाने सुकेपर्यंत थांबलात, तर बरेचसे पीक हातचे गेलेले असते.