जोहे गांवची माती : नित्य व्यवहारांतील श्रद्धेचें शिक्षण

परमार्थाचें शिक्षण घ्यावयाचें तर संसारापासून चार पावलें दूर गेलें पाहिजे, अशी समजूत सुशिक्षित घरांतून पुष्कळ ठिकाणीं आढळते. सकाळची कचेरीची घाई, दुपारचें स्वयंपाकघर, संध्याकाळचा बाजार हा सारा व्यवहार. आणि तो आटोपून जो अर्धा तास उरेल तो देवाचा, ही वांटणी सोयीची खरी. परंतु महाराष्ट्राच्या संतपरंपरेनें ती कधींच मान्य केली नाहीं. सावता माळ्यानें मळा सोडला नाहीं, गोरा कुंभारानें चाक सोडलें नाहीं, नरहरि सोनारानें हातोडी टाकली नाहीं. युरोपांतही सतराव्या शतकांत पॅरिसच्या एका मठांतील लॉरेन्स नांवाचा सेवक स्वयंपाकघरांत राबतां राबतां ईश्वराचें सान्निध्य अनुभवीत असे. तेव्हां रोजच्या कामांतून मनाची वाढ होते हें म्हणणें नवें नाहीं. ती होते कशी, आणि कित्येकदां होत नाहीं ती कां, एवढाच प्रश्न उरतो. त्याच्या उत्तरासाठीं रायगड जिल्ह्यांतील पेण तालुक्याकडे पाहण्यासारखें आहे.

पेणचें नांव घेतलें कीं गणपतीच्या मूर्ती डोळ्यांपुढें येतात. पेण शहराप्रमाणेंच जवळचीं जोहे, हमरापूर, तांबडशेत, कळवे हीं गांवेंही याच कामावर नांवारूपास आलीं आहेत. मूर्ती घडविण्याच्या जागेला तेथें ‘कारखाना’ म्हणतात. मात्र पुष्कळ ठिकाणीं हा कारखाना म्हणजे घराची पडवी किंवा अंगणांतला मांडवच असतो. भाद्रपदांतला उत्सव संपला कीं थोड्याच दिवसांत पुढील वर्षाच्या कामास हात लागतो. घरांतील वडील माणूस साचा भरतो, बायका घासकाम आणि रंगकाम करतात, मुलें शाळेंतून आल्यावर मूर्ती उचलून ठेवूं लागतात. कांहीं माल रंगवून जातो, पुष्कळसा कच्चाच परगांवीं जातो, आणि परदेशचा माल बोटीनें जावयाचा म्हणून उत्सवाच्या कित्येक महिने आधींच बांधावा लागतो.

शाडूची मूर्ति कशी होते तें थोडक्यांत पाहूं. माती आधीं भिजवितात, मग मळतात. मळतांना आंत हवा किंवा खडा राहिला तर तो दोष पुढें वाळतांना उघडा पडतो. मळलेली माती साच्यांत दाबून बसवितात. दोन भाग सांधतात. हात, सोंड, आयुधें यांची जोडणी करितात. आणि मूर्ति सांवलींत वाळत ठेवितात. येथें घाई चालत नाहीं. कडक उन्हांत ठेविल्यास वरचा थर लवकर आकसतो, आंतला ओलाच राहतो, आणि दोहोंच्या ओढाताणींत तडा जातो. मनुष्याच्या शिक्षणाचेंही असेंच आहे. वरवरची टणकाई लवकर आणतां येते; आंतपर्यंत घट्ट होण्यास सांवली आणि वेळ लागतो. पावसाळी हवेंत मूर्ति वाळत नाहीं तेव्हां कारागिराला थांबावें लागतें. मागणी दारांत उभी असतांना थांबणें हा पोथींतून न मिळणारा संयमाचा पाठ होय.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. शाडूची मूर्ति भाजावयाची नसते. त्यामुळें ती मोडली, बिघडली, अगर मनाजोगी उतरली नाहीं, तर तीच माती पाण्यांत टाकून पुन्हां मळतां येते. कुंभाराचें मडकें एकदां भट्टींतून निघालें म्हणजे त्याची माती परत मिळत नाहीं. येथें तसें नाहीं. शिकाऊ मुलाच्या हातून सोंड वांकडी झाली तर माती वायां जात नाहीं, वेळ तेवढा जातो. ज्या कामांत चुकीची दुरुस्ती शक्य असते त्या कामांत मनुष्य निर्भयपणें शिकतो; आणि जो स्वतःला पुन्हां भिजवूं देतो त्याचीच वाढ होते. वयानें अथवा अधिकारानें भाजून निघालेल्या माणसाला हें कठीण जातें.

वाळलेली मूर्ति काचकागदानें घासतात, तिच्यावर पांढरा हात देतात, मग अंगाचा रंग, पितांबर, शेला, दागिने, आणि शेवटीं डोळ्यांची आखणी. हें काम अतिशय नाजूक. बुबुळ केसभर सरकलें तर मुद्राच बदलते. म्हणून तें जाणत्या हाताकडे असतें. तरीही त्या हाताचें नांव मूर्तीवर नसतें. माती मळणारा, साचा भरणारा, घासणारी, रंग देणारी आणि डोळे आखणारा, या सर्वांच्या श्रमानें देवाची आकृति सिद्ध होते. आणि ज्या घरीं ती पुजली जाते त्या घराला यांपैकीं एकही ठाऊक नसतो. शिवाय कारखान्यांत शेंकडों मूर्ती रांगेनें उभ्या असल्या तरी त्यांची पूजा होत नाहीं. प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत ती माती. विसर्जनानंतर पुन्हां माती. मधल्या दीड, पांच अगर दहा दिवसांचें देवत्व भक्ताच्या भावनेनें येतें, हें शास्त्र या गांवचें मूलही रोज डोळ्यांनीं पाहत असतें.

याच पेण तालुक्यांत गागोदें नांवाचें लहान गांव आहे. तेथें 11 सप्टेंबर 1895 रोजीं विनोबा भावे यांचा जन्म झाला. गीतेचें सार मराठी माणसाला सुलभ करून सांगणाऱ्या या पुरुषाचें पहिलें शिक्षण घरांतील साध्या प्रसंगांतून झालें. त्यांचे आजोबा शंभुराव गणेशोत्सवांत चंदनाची मूर्ति स्वतः करीत, आणि चंदन उगाळण्याचें काम मुलांकडे असे. एवढ्या श्रमानें केलेली, भक्तीनें पुजलेली मूर्ति शेवटीं पाण्यांत सोडावयाची, याचें नवल मुलांना वाटणें साहजिक होतें. त्यांतून निघालेला बोध विनोबा पुढें सांगत : निर्माण मनापासून करावें, पूजा मनापासून करावी, आणि वेळ येतांच सोडूनही तितक्याच मनापासून द्यावें. एकदां आजोबांची पूजा चालूं असतां देवावर विंचू येऊन बसला. मारण्याची घाई झाली, तेव्हां आजोबांनीं सांगितलें कीं तो देवाच्या आश्रयास आला आहे, त्याला हात लावूं नये. त्यांनीं पूजा शांतपणें पुरी केली आणि विंचू आपल्या वाटेनें निघून गेला. अहिंसेचें व्याख्यान यापेक्षां मोठें काय असणार?

आई रुक्मिणीबाईंची एक गोष्ट तर व्यवहार आणि भक्ति यांतील फरक नेमका दाखविते. त्यांनीं देवाला एक लक्ष तांदूळ वाहण्याचें व्रत घेतलें होतें आणि त्या एक एक दाणा मोजीत. वडील नरहरराव हिशेबी वृत्तीचे. त्यांनीं सुचविलें कीं एक तोळा तांदूळ मोजावेत, त्यावरून लक्षाचें वजन काढावें, म्हणजे काम झटपट होईल. आईला उत्तर सुचेना. तिनें मुलाला विचारलें. मुलानें सांगितलें कीं हें गणित नव्हे. प्रत्येक दाण्याबरोबर देवाचें स्मरण घडावें म्हणून मोजावयाचें. या मातेच्या इच्छेचेंच फळ म्हणजे ‘गीताई’. आणि 1932 सालीं धुळ्याच्या तुरुंगांत विनोबांनीं दिलेलीं, साने गुरुजींनीं लिहून घेतलेलीं गीतेवरील प्रवचनें तर घरोघर पोंचलीं.

जोहे येथील कारखान्याचा आणि या तांदळांचा संबंध येथें लागतो. हजार मूर्ती घडवूनही मनुष्य जसाच्या तसा राहूं शकतो, आणि लक्ष दाणे मोजूनही. काम आपोआप शिकवीत नाहीं. कामाकडे दिलेलें अवधान शिकवितें. जो कारागीर केवळ संख्या मोजतो त्याच्या हातून माल निघतो; जो प्रत्येक मूर्तीपाशीं क्षणभर जागा असतो त्याच्या हातून मालाबरोबर स्वतःचेंही घडण होतें.

मात्र श्रद्धा आणि पोट यांची गांठ अशी सहज सुटत नाहीं, हेंही याच गांवांतून कळतें. शाडू माती जड, बाहेरून आणावी लागणारी, वाळण्यास सावकाश आणि प्रवासांत फुटणारी. प्लॅस्टर ऑफ पॅरिस हलकें, स्वस्त आणि कांहीं मिनिटांत घट्ट होणारें. त्याच्या योगानें उत्पादन वाढलें, गरीब घरालाही सुबक मूर्ति परवडूं लागली, आणि अनेक कुटुंबांची चूल पेटली. पण प्लॅस्टर पाण्यांशीं संयोग पावून दगडाप्रमाणें घट्ट होतें. तें मातीसारखें पुन्हां मळतां येत नाहीं आणि पाण्यांत लवकर विरघळतही नाहीं. विसर्जनानंतर भग्न अवयव किनाऱ्याला लागलेले पाहून भाविकाचें मन खंतावतें. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें याविषयीं 2010 सालीं नियम घालून दिले, 2020 सालीं ते सुधारले. 2025 च्या जून महिन्यांत मुंबई उच्च न्यायालयानें प्लॅस्टरच्या मूर्ती घडविण्यास मोकळीक दिली, परंतु नैसर्गिक जलाशयांतील विसर्जनाचा प्रश्न निराळा ठेविला. साच्यांत पैसा गुंतवून बसलेल्या आणि कर्ज काढून हंगाम उभा करणाऱ्या कारागिराला ‘श्रद्धेसाठीं धंदा बदल’ असें शहरांतून सांगणें सोपें आहे. पण घेणारा जोंवर उंच, चकचकीत आणि स्वस्त मूर्तीच मागतो, तोंवर त्या उपदेशाचा अर्धा भार त्याच्याच शिरावर येतो. लहान मूर्ति, मातीची मूर्ति, आणि तिच्या श्रमाची रास्त किंमत, एवढें पत्करणें हेंही पूजेचेंच अंग मानलें पाहिजे.

यांतून नागर कुटुंबांना घेण्यासारखें पुष्कळ आहे. रोजच्या कामांपैकीं एखादें काम, मग तें तांदूळ निवडणें असो, कचेरींतला हिशेब असो, आजाऱ्याला औषध देणें असो, दिवसांतून एकदां पूर्ण अवधानानें करावें. बिघडलें तर रागावण्यापूर्वीं तें पुन्हां भिजवून मळतां येईल काय, हें पाहावें. ज्यांच्या श्रमावर आपला दिवस उभा आहे त्यांपैकीं एकाची तरी आठवण ठेवावी. आणि जें मनापासून केलें त्यावरील हक्क, वेळ आली म्हणजे, सोडून द्यावा. ही संवय मुलांना सांगून लागत नाहीं. वडील माणसांना तसें करतांना पाहून लागते. यंदा भाद्रपदांत मूर्ति घरीं आली म्हणजे आरतीपूर्वीं मुलांना ती कोणत्या गांवाहून आली, ती मातीची कीं प्लॅस्टरची, आणि किती हातांतून आली एवढें जरी सांगितलें, तरी त्या शिक्षणाला आरंभ होईल.