बाळाच्या अंगावरील तांबडा डाग

बारशाच्या दिवशीं पाळण्याभोंवतीं जमलेल्या बायकांची दृष्टि बाळाच्या गालावरील तांबड्या डागावर पडली, कीं कुजबूज सुरू होते. ‘ग्रहण नीट पाळलें नसेल,’ असें एखादी वडीलधारी बाई म्हणते, आणि बाळंतिणीची मान खालीं जाते. हा देखावा आमच्या पुष्कळ वाचकांनीं पाहिला असेल. त्या माउलीचा यांत तिळमात्र दोष नसतो, हें प्रथमच सांगणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

अशा डागांचे मुख्यतः तीन प्रकार आहेत. मानेवर, कपाळावर किंवा पापणीवर दिसणारा फिकट गुलाबी डाग अगदीं सामान्य असून, चेहऱ्यावरचा बहुधा एक-दोन वर्षांत मावळतो. दुसरा प्रकार ‘हीमॅन्जिओमा’ नांवाच्या लालभडक गांठीचा. ती जन्मानंतर कांहीं आठवड्यांनीं दिसूं लागते, पहिले चार-पांच महिने जोरानें वाढते, आणि पुढें कांहीं वर्षांत आपोआप ओसरते. तिसरा ‘पोर्ट-वाइन’ डाग. हा जन्मतःच असतो, सपाट असतो, आणि हजारीं सुमारें तीन अर्भकांस होतो. तो मात्र जात नाहीं. मुलाबरोबर वाढतो आणि वयपरत्वें गडद व जाड होऊं लागतो.

यावरून दोन चुका टाळतां येतील. आपोआप जाणाऱ्या डागासाठीं घायकुतीस येणें ही एक. आणि न जाणाऱ्या डागाविषयीं ‘मोठेपणीं जाईल’ म्हणून वर्षें दवडणें ही दुसरी.

या तिसऱ्या डागाचें मूळ २०१३ सालीं अमेरिकेंतील संशोधकांस सांपडलें. गर्भ वाढत असतां त्याच्या एखाद्या पेशींतील ‘जीएनएक्यू’ नामक जनुकांत अकस्मात् बदल होतो, आणि त्या पेशीच्या वंशांतील सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंद राहतात. हा बदल आईबापांकडून येत नाहीं. ग्रहणाचा, डोहाळ्यांचा वा खाण्यापिण्याचा त्याच्याशीं कांहींएक संबंध नाहीं.

आतां उपायाकडे वळूं. पहिला लेसर १९६० सालीं थिओडोर मेमन यांनीं प्रकाशित करून दाखविला. प्रारंभींचे ‘आर्गॉन’ लेसर डाग फिका करीत, परंतु उष्णता भोंवतालच्या त्वचेंत पसरून व्रण राहत. १९८३ सालीं अँडरसन व पॅरिश या बोस्टनच्या दोघां वैद्यांनीं युक्ति सुचविली, ती अशी : रक्तांतील हीमोग्लोबिन जो पिवळा प्रकाश विशेषेंकरून शोषून घेतें तोच निवडावा, आणि त्याचा झोत इतका क्षणिक असावा कीं, उष्णता रक्तवाहिनीबाहेर पसरण्यापूर्वींच तो संपावा. आजचा ‘पल्स्ड डाय’ लेसर याच तत्त्वावर चालतो. त्याचा झोत सेकंदाच्या सुमारें हजाराव्या भागाइतकाच टिकतो. वरून गार फवारा मारून त्वचा सांभाळतात.

प्रत्येक झोत रबराचा फटका बसावा तसा लागतो. नंतर आठ-पंधरा दिवस तो भाग काळानिळा दिसतो, हें ठाऊक नसलें तर घरांतील माणसें घाबरून जातात. कांहीं आठवड्यांच्या अंतरानें अनेक खेपा घालाव्या लागतात. बहुतेकांचा डाग फिका होतो; समूळ थोड्यांचाच जातो, आणि कांहींचा वर्षांनीं पुन्हां गडद होतो. तान्हेपणीं आरंभ केल्यास गुण अधिक येतो असा पुष्कळ वैद्यांचा अनुभव आहे. आपल्या सांवळ्या कातडींतील रंगद्रव्यही हा प्रकाश शोषतें; त्यामुळें भाजण्याचा वा पांढरे-काळे चट्टे राहण्याचा धोका आपल्याकडे अधिक. म्हणून अशा त्वचेचा अनुभव असलेला तज्ज्ञच गांठावा, आणि प्रथम लहानशा जागीं प्रयोग करून पाहावा.

दोन ठिकाणीं मात्र वेळ दवडूं नये. पोर्ट-वाइन डाग कपाळावर व वरच्या पापणीवर असेल, तर क्वचित् मेंदू व डोळा यांसही विकार असतो. झटके येऊं शकतात, डोळ्यांतील दाब वाढतो. डोळ्याजवळील वा ओठावरील वाढती गांठही तत्काळ दाखवावी. तिच्यावर प्रोप्रॅनोलोल हें औषध गुणकारी असल्याचें बोर्दो येथील वैद्यांनीं २००८ सालीं प्रसिद्ध केलें. तें अर्थात् वैद्याच्या देखरेखीखालींच द्यावयाचें.

सोव्हिएट संघाचे अध्यक्ष मिखाइल गोर्बाचेव्ह यांच्या कपाळावरचा असाच डाग साऱ्या जगानें पाहिला. त्यानें त्यांचें कांहीं अडलें नाहीं. डाग घालवावा कीं राहूं द्यावा हें ज्याच्या त्याच्या घरानें ठरवावें. परंतु आईच्या माथीं मारलेला दोष पुसावयास कोणताही लेसर लागत नाहीं. तें काम घरांतील वडीलधाऱ्यांनीं आजच करावें, एवढीच आमची विनंति आहे.