अनवाणी की पादत्राणे घालून? पाय, जमीन आणि संवेदना

१. प्रस्तावना

बंगळुरूतील बहुतेक घरांत, महाराष्ट्रातल्या घरांप्रमाणेच, चपला दाराशी काढून आत जायची पद्धत आहे. याच शहरातील कब्बन पार्कमध्ये पहाटे धावणाऱ्यांच्या पायांत जाड तळव्याचे बूट दिसतात. पण थॉमस बॉबी फिलिप यांच्यासारखे इथले धावपटू अनवाणी धावण्यासाठीच ओळखले जातात. मधुमेही रुग्णांना मात्र याच शहरातले डॉक्टर बजावतात, की घरातसुद्धा अनवाणी चालू नका.

या तिन्ही गोष्टी आपापल्या जागी बरोबर असू शकतात का? या पाठात आपण पायाची वाढ, पायाखालची जमीन आणि तळव्याची संवेदना या तीन अंगांनी हा प्रश्न समजून घेऊ.

२. पायाची कमान आणि बालपण

मानवी पायात २६ हाडे असतात. ती स्नायू व अस्थिबंधांनी अशी बांधलेली असतात, की तळव्याच्या आतल्या बाजूस एक कमान तयार होते. पाऊल टेकताना ही कमान किंचित दबते आणि उचलताना पूर्ववत होते. तान्ह्या मुलाचा तळवा सपाट दिसतो, कारण तिथे चरबीची गादी असते. कमान आयुष्याच्या पहिल्या दशकात हळूहळू आकार घेते.

या वाढीवर पादत्राणांचा परिणाम होतो का, याचा महत्त्वाचा अभ्यास कर्नाटकातील अस्थिशल्यविशारद बेंजामिन जोसेफ व त्यांचे सहकारी राव यांनी १९९२ साली प्रसिद्ध केला. त्यांनी ४ ते १३ वर्षांच्या २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले. पादत्राणे वापरणाऱ्या मुलांपैकी ८.६ टक्के मुलांचे पाय सपाट होते. न वापरणाऱ्यांत हे प्रमाण २.८ टक्के होते. पुढून बंद असलेले बूट घालणाऱ्यांत ते सर्वाधिक, तर सँडल किंवा चपला घालणाऱ्यांत त्याहून कमी आढळले.

१९९५ साली जोसेफ यांच्याच गटाने वाढ पूर्ण झालेल्या १,८४६ व्यक्तींची पाहणी प्रसिद्ध केली. सहा वर्षांच्या आत बूट घालू लागलेल्यांत सपाट पायाचे प्रमाण ३.२४ टक्के, ६ ते १५ वर्षांदरम्यान सुरुवात करणाऱ्यांत ३.२७ टक्के, तर सोळाव्या वर्षी प्रथम बूट घातलेल्यांत १.७५ टक्के होते.

हे आकडे वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, ही निरीक्षणे आहेत, प्रयोग नव्हेत. बूट घालणारी व न घालणारी मुले इतर बाबतींतही वेगळी असू शकतात. दुसरी, सपाट पाय म्हणजे आजार नव्हे. बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही. तरीही घरात मुलांनी अनवाणी खेळावे, या आपल्या सवयीला या अभ्यासांतून आधार मिळतो.

३. घट्टे पडलेला तळवा

अनवाणी चालणाऱ्यांच्या तळव्याची त्वचा जाड होते. अशा तळव्याला स्पर्श कमी कळत असेल, असा आपला समज असतो. केनियातील लोकांच्या पायांची मोजमापे घेऊन २०१९ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात वेगळेच आढळले. चालण्याने पडलेले घट्टे तळव्याचे रक्षण करतात, पण संवेदना बोथट करत नाहीत. त्वचेचा हा कठीण थर दाब व कंपने आतल्या चेतातंतूंपर्यंत पोहोचवतो. बुटाचा मऊ, जाड तळवा मात्र ती शोषून घेतो.

म्हणजे निरोगी पायाला जमीन ‘वाचता’ येते. खडा टोचला की वजन आपोआप दुसऱ्या बाजूला जाते. अनवाणी चालण्याची सुरक्षितता या प्रतिक्षिप्त क्रियेवर उभी आहे.

४. बाहेरची जमीन

काही धोके मात्र पायाला जाणवतच नाहीत. अंकुशकृमीच्या अळ्या मानवी विष्ठेने दूषित झालेल्या ओलसर मातीत वाढतात. त्या तळव्याच्या त्वचेतून शरीरात शिरतात, रक्तावाटे फुप्फुसांत व तिथून आतड्यात पोहोचतात. तिथे त्या रक्त शोषतात आणि त्यातून पंडुरोग होतो. देशात २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी मुलांना अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. पण गोळीसोबत शौचालय आणि पायात चप्पल या दोन्ही गोष्टी लागतात. काच, खिळे व धनुर्वाताचा धोका वेगळाच. उंबरठ्याबाहेर चप्पल हवी, ती मुख्यतः यासाठी.

५. संवेदना हरवलेला पाय

आता मधुमेही रुग्णांकडे वळू. दीर्घकाळ वाढलेल्या साखरेमुळे पायाच्या चेतातंतूंना इजा होते आणि तळवा बधिर होतो. खडा टोचतो, पण कळत नाही. म्हणून वजन सरकत नाही आणि जखम खोल जाते. रक्तपुरवठाही कमी असेल तर ती चिघळते आणि प्रसंगी पाय कापावा लागतो.

वेदना ही संरक्षक असते, हे वैद्यकाला भारतातच ठळकपणे दिसले. १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये आलेले शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या पायांचा अभ्यास केला. कुष्ठरोगात मांस आपोआप झडते, असा तेव्हा समज होता. न जाणवलेल्या, वारंवार होणाऱ्या इजांमुळे बोटे झिजतात, असे ब्रँड यांनी दाखवले. त्यातूनच सूक्ष्मछिद्री रबराच्या मऊ तळव्याच्या, एमसीआर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चपला पुढे आल्या. आज मधुमेही रुग्णांसाठीही त्या वापरल्या जातात.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. त्यांतील अनेकजण घरात अनवाणी वावरतात, देवळात चपला काढतात, नवरात्रात नऊ दिवस अनवाणी राहण्याचे व्रत करतात. दुपारी तापलेल्या देवळाच्या फरशीवर निरोगी माणूस उड्या मारत सावली गाठतो. बधिर पायाचा माणूस शांतपणे प्रदक्षिणा पूर्ण करतो आणि रात्री तळव्यावर फोड दिसतात. म्हणूनच आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे अशा रुग्णांना घरात व बाहेर कुठेही अनवाणी, नुसते मोजे घालून किंवा पातळ तळव्याच्या सपाता घालून चालू नये, असे सांगतात. अंगठ्याची चप्पलही त्यांना सोयीची नसते. पट्टा बोटांमध्ये घासतो आणि चप्पल निसटली तरी कळत नाही.

६. साधी तपासणी

दवाखान्यात सुमारे १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू तळव्यावर टेकवून संवेदना तपासतात. घरी ‘इप्सविच स्पर्श चाचणी’ करता येते. व्यक्तीला डोळे मिटायला सांगून दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट व करंगळी यांच्या टोकांना आपल्या तर्जनीने एक-दोन सेकंद अलगद स्पर्श करावा, दाबू नये. सहापैकी दोन किंवा अधिक ठिकाणी स्पर्श कळला नाही, तर डॉक्टरांकडे जावे.

७. समारोप

अनवाणी चालणे चांगले की वाईट, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. स्वच्छ फरशी, वाढते वय आणि जागी संवेदना असेल तर अनवाणी चालणे हिताचे. दूषित माती असेल तर चप्पल हवी. संवेदना गेली असेल तर घरातही पादत्राण हवे. बाहेरची चप्पल दाराशी ठेवून घरासाठी वेगळी, मागे पट्टा असलेली जोडी वापरली, तर घराची रीतही मोडत नाही.

स्वाध्याय

१. १९९२ च्या अभ्यासावरून ‘बुटांमुळे पाय सपाट होतो’ असे ठामपणे म्हणता येईल का? कारणे द्या.
२. घट्टे पडलेला तळवा व बधिर तळवा यांतील फरक स्पष्ट करा.
३. आपल्या घरातील मधुमेही व्यक्तीची, तिच्या संमतीने, इप्सविच स्पर्श चाचणी करा व निष्कर्ष नोंदवा.